प्रस्तावना : घेरिया कुठे आहे?

1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तुळाजी आंगऱ्यांचे आरमार बंदरातच जळाले आणि किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. या घटनेवर इंग्रजीत भरपूर कागद आहे. कंपनीची पत्रे आहेत, जहाजांच्या नोंदवह्या आहेत, लंडनच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, आणि यातले बरेचसे आज घरबसल्या पाहता येते. तरीही इतिहासाचा एखादा विद्यार्थी डिजिटल सूचीत ‘विजयदुर्ग’ असे इंग्रजी अक्षरांत टाकतो, साल 1756 लावतो, आणि हाती जवळजवळ काही लागत नाही म्हणून विषय बदलण्याच्या विचाराला लागतो.

कारण त्या काळच्या इंग्रजाला विजयदुर्ग ठाऊकच नाही. त्याच्या लेखी तो ‘घेरिया’. शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेले किल्ल्याचे जुने नाव त्याने उचलले आणि वेगवेगळ्या कारकुनांनी ते वेगवेगळे लिहिले : शेवटी एच लावून, न लावता, मधला आय गाळून, सुरुवातीचा एच गाळून. तुळाजींचे नावही क्वचितच पुरे येते. कंपनीच्या कागदांत कान्होजी, सेखोजी, संभाजी, तुळाजी हे सगळे ‘अँग्रिया’. जणू ते माणसाचे नाव नसून हुद्दा आहे. तेव्हा नुसते ‘अँग्रिया’ शोधले की 1729 साली वारलेले कान्होजी आणि 1756 साली कैद झालेले तुळाजी एकाच यादीत शेजारी येऊन बसतात.

विजयदुर्ग पडला त्याच्या आदल्या वर्षी कमोडोर जेम्सने घेतलेल्या सुवर्णदुर्गाची गंमत आणखी वेगळी. इंग्रजांनी त्याचे ‘सेव्हर्नड्रूग’ केले. हा शब्द शोधला की कोकणातला किल्ला येतो. लंडनच्या शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेने 1784 मध्ये त्याच्या स्मरणार्थ बांधलेला मनोराही येतो. आणि 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला बंगळूरजवळचा सावनदुर्गही येतो, कारण त्याचेही स्पेलिंग काही जणांनी तसेच करून ठेवले आहे. वसईची कथा अशीच. ‘बसीन’ टाकले की चिमाजी आप्पांनी 1739 साली जिंकलेली वसई आणि 1802 चा तह यांच्याबरोबर ब्रह्मदेशातले तांदळाचे बंदरही उतरते. ब्रह्मदेश पुढे ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग झाल्यामुळे दोन्ही बसीन एकाच सरकारच्या दप्तरात नांदतात. आणि पोर्तुगीज कागदांत वसई हवी असेल, तर त्यांचे ‘बासाईं’ सी-खालच्या शेपटीसकट आणि शेपटीविना असे दोन्ही प्रकारे शोधावे लागते.

हे पुस्तक अशा कामासाठी आहे. डिजिटल दप्तरांची यादी देणे हा त्याचा हेतू नाही. अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात, पत्ते बदलतात, काही संकेतस्थळे बंदही पडतात. आपण शोधखिडकीत जे लिहितो आणि जुन्या कागदावर जे लिहिलेले आहे त्यांच्यामध्ये किती जण बसलेले असतात, हे दाखवणे हा हेतू आहे. मूळ लेखनिक, नक्कल करणारा कारकून, सूची करणारा अधिकारी, स्कॅन करणारा कंत्राटदार आणि अक्षरे ओळखणारे यंत्र. प्रत्येकाने आपापल्या परीने मजकूर थोडा हलवलेला असतो.

यंत्रापासूनच सुरुवात करू, कारण त्याच्याविषयीचे गैरसमज सर्वांत जास्त. पडद्यावर दिसणारे पान हे आधी एक चित्र असते. त्यातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करण्याचे काम ओसीआर करते आणि शोध त्या मजकुरात होतो, चित्रात नव्हे. इंग्रजी छपाईतही अठराव्या शतकातला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो आणि ‘सिपॉय’चा ‘फिपॉय’ होतो. देवनागरीत खोड्या जास्त. ‘ख’चे ‘रव’ होणे हा नेहमीचा प्रकार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ एकमेकांच्या जागा घेतात. शाई पसरलेली असेल किंवा पान शिळाप्रेसवर छापलेले असेल, तर ओळच्या ओळ निरर्थक होते. ‘भोसले’ शोधताना ‘मोसले’ही शोधून पाहावे हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण तो कामाचा आहे.

त्यात आपल्या शुद्धलेखनाची भर. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पानावर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मध्यें’, ‘पुणें’ असेच असणार. आजच्या ‘पुणे’ला बहुतेक शोधयंत्रे ते ‘पुणें’ दाखवत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्वदीर्घाचेही तेच. म्हणून जुन्या मराठी पुस्तकात शोध घेताना शब्दाचा ज्यावर टिंब पडू शकत नाही असा तुकडा निवडावा, किंवा जिथे चालते तिथे शेवटच्या अक्षराच्या जागी तारांकन टाकावे. कुठल्या संग्रहात तारांकन चालते, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे अवतरणचिन्हांत घातलेला शब्दसमूह जसाच्या तसा धरला जातो, हे प्रत्येक ठिकाणच्या मदतपानावर दिलेले असते. ते पान कोणी वाचत नाही. वाचायला दहा मिनिटे लागतात.

आता मोडी. छापील देवनागरीची ही कथा, तर हस्तलिखित मोडीची काय सांगावी! मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 साली. लेखणी न उचलता सरसर लिहिण्याची ही लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे ठेवायची पद्धत नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, आणि हात प्रत्येक कारकुनाचा निराळा. मोडी वाचणारी यंत्रे बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांकडे लक्ष ठेवले पाहिजे. परंतु आज कोणी ‘मोडी कागद डिजिटाइझ झाले’ असे सांगतो तेव्हा बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्यांची चित्रे निघाली. त्यांत शब्द शोधता येत नाही. शोधता येते ती सूची, आणि सूचीत एका रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला, एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

या बाबतीत डचांचे वंशज आपल्या पुढे गेले आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरातली सुमारे पन्नास लाख पाने हस्ताक्षर ओळखणाऱ्या यंत्रातून काढून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शोधण्याजोगी केली आहेत. कंपनीची वखार वेंगुर्ल्याला 1637 पासून होती, सुरतेला होती, त्यामुळे सतराव्या शतकातल्या कोकणाबद्दल आणि शिवाजी महाराजांबद्दल त्या पानांत मजकूर आहे. फक्त महाराज तिथे ‘शिवाजी’ नाहीत. कुठे ‘सेवागी’, कुठे ‘सिवासी’, कुठे आणखी काही. आणि यंत्राने त्यातलेही एखादे अक्षर चुकीचे वाचलेले. डच येत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही, भाषांतराची साधने आहेत. पण कोणते स्पेलिंग शोधायचे हे त्या साधनांना ठाऊक नसते. ते जुन्या छापील साधनग्रंथांच्या सूच्यांत मिळते, 1931 साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने काढलेल्या इंग्रजी साधनांच्या खंडांत मिळते. म्हणजे डिजिटल शोधाची तयारी कागदी पुस्तकांत करायची असते.

तारखांचा घोळही काही कमी नाही. सुरतेवरचा पहिला छापा जानेवारी 1664 मधला. इंग्रज त्या वेळी जुने पंचांग पाळत आणि त्यांचे वर्ष 25 मार्चला बदले. त्यामुळे सुरतेच्या इंग्रजाच्या पत्रावर जानेवारी 1663 अशी तारीख असू शकते, किंवा दोन्ही साले तिरक्या रेघेने जोडलेली. डच नवे पंचांग पाळत. इंग्रजांच्या 6 जानेवारीला त्यांची 16 जानेवारी. शोधखिडकीच्या बाजूला जी वर्षांची सरकपट्टी असते ती 1664 वर आणून ठेवली, की सूची करणाऱ्याने साल कागदावर होते तसे उतरले असल्यास नेमका हवा असलेला कागद बाहेर राहतो. सवयीने अलीकडे-पलीकडे एकेक वर्ष सोडावे.

मराठी कागदाची तारीख तर अंकांत असेलच असे नाही. पानिपत 14 जानेवारी 1761 ला झाले, शके 1682, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. त्या वर्षीचा दरबारी कागद पाहिला तर वर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे आढळेल. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार : सुहूर सन 1161. सुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीनंतर 600 मिळवले की इसवी सन येतो. महिना जमादिलाखर, रज्जब असा चांद्र, आणि तारखेआधी ‘छ’. छापील खंडाच्या पीडीएफमध्ये ‘1761’ शोधणाऱ्याला संपादकाने कंसात इसवी तारीख दिली असेल तरच पत्र सापडेल, आणि संपादकांच्या कंसांतही चुका आहेत. मोडक किंवा खरे यांची जंत्री पडद्याशेजारी उघडी ठेवण्याला पर्याय नाही. दोन्ही जंत्र्यांचे स्कॅन मिळतात, ही या माध्यमाचीच कृपा.

नावांकडे पुन्हा येतो, कारण सर्वांत मोठी गळती इथे होते. मराठी पत्रव्यवहारात माणसे नावाने हाक मारत नाहीत. पेशव्यांच्या घरातल्या पत्रांत सदाशिवरावांचा उल्लेख ‘भाऊसाहेब’ असा, रघुनाथरावांचा ‘दादासाहेब’ असा. इंग्रज मात्र त्याच रघुनाथरावांना ‘रागोबा’ म्हणतात, आणि इंग्रजी सूचीत त्याच नावाखाली त्यांचे सगळे आयुष्य आहे. पत्राच्या मायन्यात ‘तीर्थस्वरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजश्री’चा ‘रा’. बायकांच्या वाट्याला तर हेही नाही. गोपिकाबाईंसारख्या कर्तबगार स्त्रीचा उल्लेख ‘मातुश्री’ असा आला की तो शोधात अडकत नाही; ‘मातुश्री’ शोधले तर साऱ्या राज्याच्या आया समोर येतात. हे हाताने वाचूनच सुटते. कोण लिहितो, कोणाला लिहितो, ते एकमेकांचे कोण, हे कळले की ‘मातुश्री’ कोण ते कळते. कुणबी, बलुतेदार, कामावरचे बिगारी यांची नावे हिशेबाच्या कागदांत येतात, पण तिथवर सूची पोचलेलीच नसते. ज्यांचा इतिहास लिहायचा राहिला आहे त्यांच्याच बाबतीत शोधखिडकी सर्वांत आंधळी ठरते, याचा विसर पडू देऊ नये.

सूचीही निरागस नसते. पुण्याचे पेशवे दप्तर 1818 नंतर इंग्रजांकडे गेले आणि पुढे इनाम कमिशनच्या चौकशांसाठी राबले. कोणाची जमीन खरी इनाम, कोणाची खोटी, हे ठरवणे त्यांना महत्त्वाचे होते. म्हणून महसूल आणि वतन यांच्या अंगाने कागद चाळले गेले, जपले गेले. आजही ‘घडणी’, ‘प्रांत अजमास’, ‘पथके’ अशा नावांखाली रुमाल बांधलेले आहेत. आपल्याला एखाद्या दुष्काळातल्या धान्याच्या भावांविषयी किंवा एखाद्या पेठेतल्या तंट्याविषयी जाणून घ्यायचे असेल, तर तो विषय म्हणून सूचीत नाही. तो प्रांत अजमासाच्या पोटात आहे. सरदेसायांनी 1930 च्या आसपास या दप्तरातून 45 खंड निवडून काढले. त्या निवडीवर एका पिढीने इतिहास लिहिला. पण 45 खंड म्हणजे दप्तर नव्हे, आणि खंडांचे पीडीएफ शोधले म्हणजे पेशवे दप्तर शोधले असे म्हणणे हा आजकाल प्रबंधांत दिसणारा सरसकट दावा आहे.

शोधाचे एक दुसरे वैगुण्य म्हणजे तो पान सुटे करून देतो. रुमाल सोडला की पत्राच्या खाली त्याचे उत्तर असते, मागे हिशेबाचा तुकडा, बाजूला कोणी तरी नाकारलेला मसुदा. शोधाने आलेले पान या शेजाऱ्यांशिवाय येते. म्हणून एक साधी शिस्त : शब्द सापडला की त्याच्या आधीची दहा पाने आणि नंतरची दहा पाने उलटायची. फाइल पहिल्या पानापासून पाहायची. गोव्याच्या दप्तरातल्या मोन्सोंइश ग्रंथांत हे फार जाणवते. पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने लिस्बनला जाणारी-येणारी ही पत्रे. राजाच्या एका पत्राला गोव्याहून गेलेले उत्तर त्याला जोडूनच, पुढच्या पानावर मिळते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवर जे लिहिले ते असे पान उलटून.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक मुख्यतः लिहावेसे वाटले ती. जे शोधता येते ते इतिहासात शिरते, आणि जे सहज शोधता येते ते बहुतांशी इंग्रजी छापील आहे. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ती बातमी तारेने जगभर गेली आणि ऑस्ट्रेलियातल्या, न्यूझीलंडमधल्या गावोगावच्या पत्रांनी छापली. ती पत्रे ‘ट्रोव्ह’ आणि ‘पेपर्स पास्ट’वर फुकट आहेत, शब्दन् शब्द शोधता येतात, ‘ट्रोव्ह’वर तर यंत्राच्या चुका वाचक स्वतः दुरुस्त करू शकतो. पुण्याच्या मराठी पत्रांचे तेच महिने मात्र मायक्रोफिल्मवर किंवा बांधीव फायलींत, ग्रंथालयात जाऊन पाहायचे. परिणाम असा की पुण्यातल्या प्लेगवर लिहिणारा माणूस नकळत पुण्यापेक्षा मेलबर्नचे अवतरण जास्त देतो.

याहून फसवा प्रकार देशी वर्तमानपत्रांच्या सरकारी साप्ताहिक गोषवाऱ्यांचा. मुंबई सरकारचा भाषांतरकार मराठी-गुजराती पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत करून अधिकाऱ्यांपुढे ठेवी. ही प्रतिवृत्ते आता डिजिटल झाली आहेत आणि फार उपयोगी आहेत. बंद पडलेल्या कितीतरी छोट्या पत्रांचा मागमूस केवळ तिथेच उरला आहे. पण तो मराठी पत्रकारांचा आवाज नव्हे. सरकारला ज्याची धास्ती होती वा ज्याचे कौतुक होते तेवढेच त्यात आले. संपादकाने शेतसाऱ्यावर केलेली टीका येते; त्याच अंकातली नाटकाची जाहिरात, गावकीचा वाद, वाचकाचे पत्र येत नाही. तळटीपेत मूळ पत्राचे नाव घालून मजकूर या गोषवाऱ्यातून उचलणे ही लबाडी आहे, मग ती कितीही प्रतिष्ठित पुस्तकात असो.

यावरून ‘काही सापडले नाही’ या वाक्याची किंमत ठरते. ते वाक्य लिहायचे असेल तर सोबत चार गोष्टी लिहाव्यात : कोणत्या संग्रहात शोधले, कोणकोणत्या स्पेलिंगांनी, संपूर्ण मजकुरात की नुसत्या सूचीत, आणि कोणत्या तारखेला. तारीख अशासाठी की संग्रह वाढत असतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ 2015 मध्ये सुरू झाले तेव्हा होते त्याच्या कित्येक पट साहित्य आज त्यावर आहे. तिथला शोध मात्र मुख्यतः फाइलींच्या नावांतून होतो. ज्या फाइलीचे नाव ‘किरकोळ’ अशा अर्थाचे आहे तिच्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

संग्रह वाढतात तसे नाहीसेही होतात. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची सूची कित्येक महिने वापरता आली नाही. बरोबर वर्षाने इंटरनेट आर्काइव्हवर तशीच पाळी आली. ज्यांनी आपल्या टिपणांत फक्त दुवे साठवले होते त्यांची टिपणे त्या काळात निकामी झाली; ज्यांनी दप्तरक्रमांक, खंड आणि पान लिहून ठेवले होते त्यांचे काम चालू राहिले. दुवा हा पत्ता आहे, संदर्भ नव्हे. जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक अडचण : डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेल्या हजारो स्कॅनची नावे रोमन लिपीत, घाईत आणि मनाला येईल तशी टाकलेली आहेत. लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी भलताच आकडा. राजवाड्यांच्या साधनांचा एखादा खंड ‘मराठ्यांच्या’ या शब्दातल्या ‘ठ्यां’चे काय केले आहे त्यावर सापडतो किंवा सापडत नाही. अशा वेळी नावातला कमीत कमी बिघडणारा शब्द घ्यावा. ‘साधने’ हा चांगला उमेदवार. उतरवून घेण्याच्या हक्काबद्दल थोडे : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राजवाडे 1926 अखेर गेले, त्यांचा प्रश्नच नाही. सरदेसाई 1959 मध्ये गेले, त्यामुळे ‘मराठी रियासत’ही 2020 पासून मुक्त आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख टाळता येणार नाही. हस्ताक्षर वाचायला, डच-पोर्तुगीज उताऱ्याचा आशय कळायला, एका नावाची संभाव्य स्पेलिंगे सुचवायला ती वापरावी; आम्ही वापरतो. तिला ‘तुळाजी आंगऱ्यांचे अमुक पत्र दाखव’ असे मात्र म्हणू नये. ती दाखवते. मायना बरोबर, भाषा जुन्या वळणाची, तळाशी खंड आणि पृष्ठाचा क्रमांकही. खंड उघडला की त्या पानावर धान्याचा हिशेब निघतो.

पुस्तकाची रचना शोधाच्या क्रमाने नाही, कागदाच्या प्रकाराने केली आहे : आधी छापील मराठी, मग इंग्रजी कंपनी आणि सरकार, मग गोवा, मग डच, आणि शेवटी मोडी. मोडीचे प्रकरण सर्वांत लांब आहे आणि त्यात संगणक सर्वांत कमी आहे. ते गाळणाऱ्यांनी निदान सुहूर सनाचा तक्ता तरी उतरवून घ्यावा. प्रत्येक प्रकरणाअखेर एक सराव दिला आहे. पहिला सोपा आहे. स्वतःच्या तालुक्याच्या गावाचे नाव घ्यायचे, 1800 पूर्वीच्या एखाद्या इंग्रजी नकाशावर ते कसे लिहिले आहे ते पाहायचे, त्यावरून किमान पाच स्पेलिंगे करायची आणि ‘अभिलेख पटल’वर ती एकेक करून टाकायची. शोधातून शून्य हाती आले तरी ते शून्य लिहायचे, तारखेसह.